वार्धक्याची तरतूद : व्यक्तीची की समाजाची?



वार्धक्याच्या तरतुदीचा विषय निघाला की काटकसरीचा उपदेश सुरू होतो. तारुण्यात चार पैसे गाठीला बांधा, म्हणजे उतारवयात कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, असे सांगितले जाते. उपदेश वाईट नव्हे. परंतु गाठीच्या पैशाचे मोल कोण ठरवितो, हा प्रश्न त्यात दडून राहतो. समाजवादी कार्यकर्त्याने तोच आधी विचारावयास हवा.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेली माणसे दहा कोटींहून अधिक होती. आयुर्मान वाढले ही समाजाची कमाईच होय. मात्र १९९१ नंतर कायम नोकरीऐवजी कंत्राटाची रीत फोफावली, मुले पोटामागे दूर गेली आणि कुटुंबाचा आधार सैल झाला. म्हातारपण लांबले, काठी मात्र आखूड झाली.

या पोकळीत बाजार शिरला. १९८१ मध्ये चिलीतील लष्करी राजवटीने सामाजिक निवृत्तिवेतन मोडून प्रत्येक कामगाराचे स्वतंत्र खाते उघडले आणि ते खाजगी कंपन्यांच्या हाती दिले. सैन्य व पोलीस यांना मात्र या योजनेतून वगळण्यात आले. ज्यांनी हे औषध देशाला पाजले, त्यांनी स्वतः ते घेतले नाही! असंख्यांच्या हाती तुटपुंजी रक्कम पडू लागल्यावर २००८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये तेथील शासनाला सरकारी तिजोरीतून किमान वेतनाची तरतूद करावी लागली.

भारतात १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांना हमीच्या निवृत्तिवेतनाऐवजी बाजाराशी जोडलेली योजना लागू झाली. येथेही सैन्यदले वगळलेली होती. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून हीच वाट धरली. त्यानंतर तीनच वर्षांत, अमेरिकेतील बँका कोसळल्या तेव्हा, जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांवर असलेला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक ऑक्टोबरमध्ये नऊ हजारांखाली आला. बाजार पुढे सावरला, हे मान्य. परंतु बाजार थांबू शकतो. निवृत्त होणाऱ्या माणसाचे वय थांबत नाही.

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संप केला. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा हमीच्या वेतनाचा पर्याय दिला. म्हणजे वार्धक्याची जोखीम एकट्या माणसावर टाकता येत नाही, हे तत्त्व शासनाने स्वतःच्या नोकरांपुरते मान्य केले. मग ते इतरांना का नाही?

खाजगी कारखान्यातील कामगाराला १९९५ च्या योजनेचे किमान वेतन २०१४ मध्ये दरमहा एक हजार रुपये ठरले. पुढील दहा वर्षांत भाव चढत गेले, हजार रुपये हजारच राहिले. असंघटितांसाठी २०१५ मध्ये आलेल्या अटल पेन्शन योजनेत कमाल हमी दरमहा पाच हजारांची ठेवण्यात आली. तीस वर्षांच्या घरकामगार बाईने आज हप्ते सुरू केले आणि महागाई दरसाल सहा टक्के राहिली, तर तिच्या साठीतील त्या पाच हजारांचे मोल आजच्या नऊशे रुपयांहूनही कमी भरेल. तिने काटकसर केली नाही, असे कोण म्हणेल?

येथे चळवळीनेही आत्मपरीक्षण करावयास हवे. संघटितांच्या हक्कासाठी मोर्चे निघाले, ते योग्यच होते. पण हमाल, ऊसतोड मजूर, शेतमजूर स्त्री यांच्या म्हातारपणासाठी तेवढा आवाज उठला नाही. केवळ आपल्या वर्गापुरती हमी मागणारी संघटना उरलेल्यांची सहानुभूती गमावते, आणि ‘कराचा पैसा मूठभरांवर का?’ हा विरोधकांचा प्रश्न टोकदार होतो.

पैसा कोठून येईल, हे टाळूनही चालणार नाही. वृद्धांचे पोषण कोणत्याही योजनेत त्या त्या वर्षीच्या श्रमिकांच्या उत्पादनातूनच होते. साठविलेल्या नोटा कुणी खात नाही. म्हणून खरा प्रश्न वाटपाचा आहे. मोठ्या संपत्तीवर व वारशावर कर, कंत्राटदाराकडून सक्तीचा हिस्सा आणि महागाईशी जोडलेले सार्वत्रिक किमान निवृत्तिवेतन, ही मागणी गावोगावच्या सभांत मांडली गेली पाहिजे. ज्या हातांनी देश उभा केला, त्यांना अखेरीस हिशेबाची वही दाखवून परत पाठविणे समाजवादाला मान्य होणार नाही.