गुलाबी बटण, निळं बटण

(आपल्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



आजचा विषय कळल्यावर आपल्यातल्याच एकीनं मला विचारलं, "पाण्याचा प्रश्न आहे, रेशनचा आहे, पोरींच्या शाळा सुटतायत, आणि तू बायकांचे कपडे घालणाऱ्या पुरुषांबद्दल बोलणार? तेही विमानतळावरच्या?" प्रश्न रास्त आहे. आपल्यात विमानानं जाणाऱ्या किती? हात वर करायला नको, मला ठाऊक आहे. तरीही बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्याच छातीपासून करणार आहे.

सात वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे माझा उजवा स्तन काढला. तेव्हापासून मी ब्रामध्ये सिलिकॉनचा कृत्रिम स्तन घालते. परदेशात जाऊबाईंकडे गेले होते, तेव्हा त्यांनी मला तिथल्या एका दुकानात नेलं. दुकानातली बाई मापं घेताना सहज म्हणाली, "आमच्याकडे पुरुषही येतात हे घ्यायला." मी चमकले. खरं सांगायचं तर मला रागच आला. मी जे गमावलं त्याची ही भरपाई, आणि कुणी पुरुष ते हौसेनं विकत घेतो! परतीच्या प्रवासात विमानतळावर हात वर करून त्या काचेच्या कपाटासारख्या यंत्रात उभी राहिले. बाहेर पडद्यावर माणसाच्या आकाराचं चित्र उमटलं आणि त्याच्या छातीवर पिवळा चौकोन. सुरक्षा कर्मचारी बाई भली होती. तिनं हळू आवाजात विचारलं, हाताच्या पाठीनं चाचपलं आणि सोडलं. पण मागे रांग होती, आणि माझ्या छातीवरचा पिवळा चौकोन त्या रांगेला दिसत होता. त्या क्षणी मला त्या दुकानातले पुरुष आठवले. त्यांचं इथे काय होत असेल?

मग मी वाचत गेले. अशा दोघांशी माझं बोलणंही झालं. आज जे सांगणार आहे ते मुख्यतः अमेरिकेतलं आहे, कारण तिथे यावर वाद झाले, नियम झाले, मोडले. आपल्याकडचं शेवटी सांगते.

आधी एक घोळ निस्तरू. हे तृतीयपंथी नव्हेत, आणि शस्त्रक्रिया करून स्त्री झालेलेही नव्हेत. तिकडे त्यांना क्रॉसड्रेसर म्हणतात. बहुतेक जण नोकरीधंदा करणारे, बायकोमुलं असलेले पुरुष. अधूनमधून, एखाद्या संध्याकाळी किंवा एखाद्या आठवड्यात, ते स्त्रीवेश करतात, त्या वेळेपुरतं वेगळं नाव घेतात, आणि मग पुन्हा शर्ट-पँट. का करतात याची उत्तरं प्रत्येकाची वेगळी. व्हर्जिनिया प्रिन्स या नावानं लिहिणाऱ्या व्यक्तीनं १९६० साली लॉस एंजेलिसमधून अशा लोकांसाठी 'ट्रान्सवेस्टिया' हे मासिक सुरू केलं. प्रॉव्हिन्सटाउन या गावात १९७५ पासून त्यांचा वार्षिक मेळावा भरत आला. म्हणजे ही माणसं प्रवास करतात. आणि प्रवास म्हटला की विमानतळ आला.

माझ्याशी बोललेल्या एका गृहस्थांनी मला त्यांची बॅग कशी भरतात ते सांगितलं. मेळाव्याला जाताना ते पुरुषाच्या वेशात विमानात बसतात. विग, चोळ्या, उंच टाचांचे बूट, सिलिकॉनचे स्तन, सगळं मोठ्या बॅगेत तळाशी. अमेरिकेत सुरक्षा तपासणीसाठी मोठी बॅग तुमच्या माघारी उघडली, तर आत एक छापील चिठ्ठी ठेवतात. हॉटेलात पोहोचून बॅग उघडली आणि वर ती चिठ्ठी दिसली की त्यांच्या पोटात गोळा येतो. कुणीतरी हे सगळं हातात घेतलं. कोण होता तो? हसला असेल का? हातातली बॅग तर डोळ्यांदेखत उघडतात. एकदा कामाच्या दौऱ्यावर ऑफिसातला सहकारी शेजारी उभा असताना ती उघडली गेली. "बायकोच्या वस्तू आहेत," असं ते बोलून गेले. बायको मात्र घरी होती, हे सहकाऱ्याला माहीत होतं. त्यानंतर सहा महिने त्यांनी दौरे टाळले.

दुसरे गृहस्थ धीट. ते स्त्रीवेशातच प्रवास करतात. तसं करू नये असा तिथे कायदा नाही. तिकिटावरचं नाव, जन्मतारीख आणि लिंग ओळखपत्राशी जुळलं पाहिजे, हा नियम २००९ पासून आला. ओळखपत्रावर मिशीवाला फोटो, समोर लिपस्टिक लावलेली बाई. खिडकीतला माणूस दोनदा बघतो, तिसऱ्यांदा शेजारच्याला बोलावतो. इथवर ठीक आहे, ओळख पटवणं त्याचं कामच. खरी गंमत पुढे यंत्रापाशी.

२५ डिसेंबर २००९ रोजी डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका प्रवाशानं अंतर्वस्त्रात लपवलेली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला. त्यानंतर तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनानं, म्हणजे टीएसएनं, संपूर्ण शरीर तपासणारी यंत्रं झपाट्यानं बसवली. सुरुवातीला यंत्रं कपड्यांच्या आतलं शरीर जवळजवळ उघडंच दाखवत. त्यावर ओरड झाली. २०११ पासून त्या जागी साधं बाहुलीसारखं चित्र दाखवणारी प्रणाली आली, आणि जी यंत्रं असं करू शकत नव्हती ती २०१३ पर्यंत काढून टाकली. पण या नव्या प्रणालीत एक मेख होती. प्रवासी आत शिरला की कर्मचाऱ्यानं एक बटण दाबायचं, बाईसाठी गुलाबी, पुरुषासाठी निळं. मग यंत्र तुमचं शरीर त्या साच्याशी ताडून पाहणार. साच्यात नसलेलं काही आढळलं की पिवळा चौकोन.

आता बघा. आपले हे गृहस्थ झगा घालून आत शिरतात. कर्मचारी एका नजरेत ठरवतो आणि गुलाबी दाबतो. यंत्र मांड्यांमध्ये चौकोन काढतं. त्यानं निळं दाबलं तर छातीवर काढतं. कुठलंही बटण दाबा, माणूस संशयितच. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ऑर्लँडो विमानतळावर एका पारलिंगी स्त्रीचं नेमकं हेच झालं. तिनं ते तिथल्या तिथे जगाला कळवलं, तिचं विमान चुकलं, आणि देशभर चर्चा झाली. त्यानंतर टीएसएनं तिच्या शरीरासाठी वापरलेला 'विसंगती' हा शब्द बदलला. शब्द बदलला, बटणं राहिली. बटणांशिवाय चालणारी प्रणाली आणण्याची घोषणा ३१ मार्च २०२२ रोजी झाली, म्हणजे एवढी वर्षं जे अशक्य म्हणत होते ते शक्य होतं.

चौकोन आला की अंगझडती. कुणी घ्यायची? कित्येक वर्षं टीएसएची रीत होती की प्रवासी ज्या रूपात समोर येईल त्या लिंगाच्या कर्मचाऱ्यानं घ्यावी. २०२५ च्या फेब्रुवारीत ती बदलली आणि जन्माच्या वेळचं लिंग धरायचं ठरलं. माझे परिचित म्हणाले, "आधी बाई पुढे यायची, हात लावला की दचकायची, मग पुरुषाला हाक मारायची. आता थेट पुरुष येतो. माझ्या मानानं सोपं झालं म्हणा, पण तो मला चारचौघांत 'सर' म्हणतो आणि पूर्ण रांग माझ्याकडे वळते." बंद खोलीत झडती घ्या, माझ्या सोबतीचं माणूस बरोबर येऊ द्या, असं प्रवाशाला तिथे मागता येतं. ते दरवेळी मागतात. सोबत त्यांची बायको जाते.

या बायकोबद्दल मला थोडं बोलायचंय. त्या बाई मला म्हणाल्या, "त्याचं चार दिवसांचं बाईपण, त्याची इस्त्री मी करते." त्या हसून म्हणाल्या, पण मी काही हसू शकले नाही. साडी नेसून कुणाला बाई होता येत असेल तर आपल्याला ही चळवळ कशाला लागली असती? कमी पगार, अंधारात रस्त्यावरची भीती, घरातला मार, हे कुठल्या दुकानात मिळत नाही. हा माझा आक्षेप मी त्यांच्या तोंडावर बोलले आणि आजही मागे घेत नाही. पण आक्षेप असलेल्या माणसाची अंगझडती अपमानास्पद झाली तर चालेल, असं होतं का?

आणि संशय कुठून आला तेही पाहू. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानं ४ सप्टेंबर २००३ च्या सूचनापत्रात, पुरुष हल्लेखोर संशय टाळण्यासाठी बायकांचा वेश घेऊ शकतात, असा इशारा दिला होता. तिथल्या पारलिंगी संघटनांनी तेव्हाच हरकत घेतली. डेट्रॉइटच्या विमानातला तो इसम मात्र पुरुषाच्याच कपड्यात होता. वेशाला गुन्हा ठरवण्याची खोड त्याहून कितीतरी जुनी. सॅन फ्रान्सिस्को शहरात १८६३ पासून १९७४ पर्यंत आपल्या लिंगाचे नसलेले कपडे घालून बाहेर पडणं हा गुन्हा होता, आणि त्यात विजार घालणाऱ्या बायकाही पकडल्या गेल्या. आपल्याकडे इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात, नोंद झालेला हिजडा स्त्रीवेशात रस्त्यावर दिसला तर वॉरंटशिवाय अटक करता येत असे. आणि आपण तर बालगंधर्वांना डोक्यावर घेतलेले लोक! रंगमंचावर शालू चालतो, खाली उतरला की चालत नाही.

मशीनचा साचा फक्त त्यांनाच बोचतो असंही नाही. २०१० साली शार्लट विमानतळावर विमान कंपनीतच नोकरी करणाऱ्या, कॅन्सरमधून उठलेल्या एका बाईला आपला कृत्रिम स्तन काढून दाखवायला लावला. ते वाचलं तेव्हा माझा हात आपोआप छातीवर गेला. काळ्या बायकांच्या केसांत बोटं घालून तपासणी होत असे. त्यावर तक्रारी झाल्या आणि २०१५ मध्ये टीएसएला कर्मचाऱ्यांना नव्यानं शिकवण्याचं कबूल करावं लागलं. साच्यात न बसणाऱ्यांची यादी काढायला गेलं तर साच्यात कोण बसतं असा प्रश्न पडतो.

आता आपल्याकडचं. गेल्या वर्षी देशातल्या एका विमानतळावर मी बायकांच्या रांगेत होते. आपल्याकडे पडद्याआड लाकडी पाटावर उभं राहायचं आणि सुरक्षा दलातली बाई हातातलं यंत्र फिरवते, ते तुम्हाला माहीत असेल. शेजारच्या रांगेत सलवार-कमीज घातलेली एक व्यक्ती होती. उंच, केस मोठे, हनुवटीवर हिरवट छटा. तिला पुरुषांच्या रांगेतून आमच्याकडे पाठवलं. पडद्यातली बाई म्हणाली, "मी नाही घेणार." परत तिकडे. तिकडचा जवान म्हणाला, "मॅडमकडे जा." असे तीन फेरे झाले. त्या व्यक्तीनं हातातला ट्रे छातीशी धरला होता. माझ्या पुढची बाई मागे वळून हसली. मीही हसले असेन. निदान गप्प तर नक्कीच राहिले, आणि माझ्या ब्रामध्ये त्या वेळी सिलिकॉन होतं. ती व्यक्ती क्रॉसड्रेसर होती, तृतीयपंथी होती की आणखी कोण, मला माहीत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्या पाटापाशी तो निकाल कुणाच्या कामी आला नाही.

पण पडद्यातल्या त्या बाईचंही ऐकायला हवं. दिवसभर उभं राहून शेकडो अनोळखी अंगांवरून हात फिरवायची तिची नोकरी. पुरुषाच्या अंगाला हात लावणार नाही असं ती म्हणते तेव्हा तिला मागास ठरवणं सोपं आहे. बाईची झडती बाईनंच घ्यावी, तीही सभ्यतेनं, ही अट कायद्यात आहे. पोलिसांच्या हाती बाईचं काय होतं हे आपण १९७२ च्या मथुरा प्रकरणात पाहिलंय, त्यासाठी रस्त्यावर उतरलोय. तो पडदा आपल्याला फुकट मिळालेला नाही. म्हणून "सगळ्यांना पडद्यात घ्या" असं मी म्हणणार नाही. झडती घेणारीच्या मनाविरुद्ध तिला भाग पाडायचं नाही, आणि झडती देणाऱ्याला चेंडूसारखं टोलवायचं नाही, या दोन्ही गोष्टी एकदम मागता येतात. प्रवाशाला कुणाकडून तपासणी हवी ते आधी, एकदाच, हळू आवाजात विचारा. बंद खोली असू द्या. कोण तपासणार हे कर्मचाऱ्यांमधून राजीखुशीनं आधीच ठरलेलं असू द्या. कृत्रिम अवयव, मग तो कुणाच्याही अंगावर असो, काढून दाखवायला सांगू नका. आणि नवी यंत्रं आणाल तेव्हा गुलाबी-निळी बटणं असलेली आणू नका.

नागरी उड्डाण सुरक्षेच्या खात्याला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी आणलाय, मागच्या टेबलावर ठेवलाय. सही करण्याआधी वाचा. तिसऱ्या कलमावर कार्यकारिणीत दोघींचा विरोध आहे, त्यांनी आत्ताच बोलावं. आणि आज इथे पोलीस खात्यात नोकरी करणाऱ्या तिघी आल्यायत. त्यांचं मला सगळ्यात आधी ऐकायचंय. माईक तिकडे द्या.