उशिराची विद्या



आज सत्कार झालेली मुले ऐन विद्यार्थिदशेतील आहेत. त्यांचे कौतुक यथायोग्यच आहे. आम्ही मात्र तिशी ओलांडलेल्या विद्यार्थ्याची वकिली करणार आहोत. चालती नोकरी सोडून कोणी पुन्हा शिकू म्हटले, की घरात सुतक पडल्यासारखे होते. ही भीती खोटी नव्हे; पण तिची परीक्षा झाली पाहिजे.

भूदृश्य वास्तुकलेचेच उदाहरण घेऊ. ही केवळ बागकामाची विद्या नव्हे. जमिनीचा उतार, मातीचा कस, पावसाच्या पाण्याची वाट, वृक्षांची वाढ आणि माणसांची वर्दळ यांचा मेळ घालून मोकळ्या जागेची रचना करणारे हे शास्त्र आहे. त्याच्या आद्य पुरुषांपैकी एक, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड, १८२२ साली अमेरिकेत जन्मला. त्याने आधी खलाशीपणा केला, मग शेती, मग वृत्तपत्रलेखन. १८५८ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कॅल्व्हर्ट व्हॉक्स या वास्तुशिल्पज्ञाच्या जोडीने त्याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली. आज ८४३ एकरांचे असलेले ते उद्यान उशिरा सापडलेल्या वाटेचेच फळ आहे. पुढे १९०० साली हार्वर्ड विद्यापीठात या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला.

आज अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत अन्य शाखेच्या पदवीधरांसाठी सुमारे तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो. वनस्पतिशास्त्र, शेती वा स्थापत्य यांचे पूर्वज्ञान तेथे वाया जात नाही. तथापि प्रवेशासाठी बहुधा स्वतःच्या रेखाटनांचा संग्रह दाखवावा लागतो, आणि पदवीनंतरही परवान्यासाठी अनुभव व परीक्षा चुकत नाहीत. आपल्या देशात बहुतेक ठिकाणी वास्तुकलेची पदवी आधी लागते. म्हणून राजीनामा देण्यापूर्वी प्रवेशाचे नियम, अभ्यासक्रमाची मान्यता आणि खर्च यांची खातरजमा करावी. निदान दोन वर्षांची शिल्लक गाठीस असावी, आणि घरच्या माणसांशी मोकळेपणाने बोलावे.

मंडळाच्या शिष्यवृत्तीस पंचवीस वर्षांची वयोमर्यादा आहे. ती ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. कारण तेव्हा निधी तुटपुंजा होता. आता निधीत वाढ झाली आहे. तेव्हा वय उलटलेल्या होतकरूंना, विशेषतः संसारात अडकून शिक्षण राहिलेल्या भगिनींना, निदान बिनव्याजी कर्ज तरी द्यावे, अशी आमची कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. परतफेड झाली की तोच पैसा दुसऱ्याच्या कामी येईल.

पेरणीस उशीर झाला म्हणून शहाणा शेतकरी रान पडीक ठेवीत नाही; त्या हंगामाला साजेसे बी तो निवडतो. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.