दिल्लीची ग्रंथालये आणि त्यांचे वाचक

१८५७ च्या धामधुमीत दिल्ली कॉलेजचा ग्रंथसंग्रह लुटला गेला. पुढे पाचच वर्षांनी, १८६२ साली, त्याच शहरात लॉरेन्स इन्स्टिट्यूटच्या आश्रयाने एक वाचनमंडळ सुरू झाले. विलायतेहून येणारे साहेबलोक बोटीच्या लांबच्या प्रवासात वाचून झालेली पुस्तके तेथे ठेवून जात, असे सांगतात. ज्यांची पुस्तके, त्यांचेच वाचन! ज्या शहरात मीर आणि गालिब यांच्यासारखे कवी नांदले, तेथील सामान्य नागरिकाला त्या कपाटांचा उपयोग तो किती होणार?

सभासदांच्या ग्रंथालयाची कल्पना मात्र मुळात अशी दरबारी नव्हती. १७३१ मध्ये फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने पन्नास वर्गणीदार जमविले. प्रवेशाचे चाळीस शिलिंग व वर्षाला दहा. त्यातले बहुतेक तरुण धंदेवाईक होते. एकट्याला परवडणार नाहीत ते ग्रंथ मिळून घ्यावेत, इतकाच त्यांचा हिशेब. महाराष्ट्रातही हीच रीत रुजली. १८४८ मध्ये पुण्यात ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली, तीत लोकहितवादींचा पुढाकार होता. १८९३ मध्ये ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांनी मराठी ग्रंथांचाच संग्रह उभारला. वर्गणीदारांच्या आपलेपणावर ह्या संस्था जगल्या, हे मान्यच केले पाहिजे. पण वर्गणी हा उंबरठाही असतो. चार आणे देणारा आत येतो. ज्याच्यापाशी ते नाहीत तो बाहेरच राहतो, आणि पुस्तकाची गरज बहुधा त्यालाच अधिक असते.

दिल्लीतील ते वाचनमंडळ वाढत गेले. १९१२ च्या डिसेंबरात चांदणी चौकात व्हाइसरॉय हार्डिंज यांच्यावर बाँब पडला. ते वाचले, आणि १९१६ साली उभ्या राहिलेल्या नव्या वास्तूला त्यांचे नाव मिळाले. १९७० मध्ये ते नाव जाऊन क्रांतिकारक लाला हरदयाळ यांचे आले. इतिहासाला असा विनोद अधूनमधून सुचतो.

उंबरठा खरा ओलांडला गेला तो २७ ऑक्टोबर १९५१ रोजी. युनेस्कोच्या साहाय्याने उभारलेल्या दिल्ली पब्लिक लायब्ररीचे उद्घाटन त्या दिवशी पंडित नेहरूंनी केले. जागा जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्थानकासमोरची. वर्गणी नाही, हिंदी, उर्दू, इंग्रजी पुस्तके उघड्या फळ्यांवर, आणि मुलांसाठी स्वतंत्र दालन. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी शहर तेव्हा ओसंडत होते. अशा वेळी कपाटांना कुलपे न लावता वाचकाच्या हाती ग्रंथ सोपविणे हे धाडसच होते. पुस्तके हरवतील, फाटतील, ही भीती प्रत्येक सरकारी दप्तरात असते, आणि ती अगदीच निराधार नसते. पण डॉ. रंगनाथन, जे त्या काळी दिल्ली विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवीत, ते १९३१ पासूनच ग्रंथ उपयोगासाठी असतात हे आपले पहिले सूत्र म्हणून मांडत आले होते. जपून ठेवलेले न वाचलेले पुस्तकही एका अर्थी हरवलेलेच.

पुढे ग्रंथ गाड्यांत भरून शहराबाहेरच्या वस्त्यांकडेही धाडले गेले. सभासदाने उंबरठ्याशी यावे, ही जुनी अपेक्षा तेथे उलटली होती. आता ग्रंथालयच दारी जाऊन उभे राहत होते.