घेणाऱ्याला देणारा करू या



या स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने आपण गरजू मुलांसाठी निधी जमवला, याचा आनंद आहे. आता तो कसा वापरायचा, हे ठरवायचे आहे. दप्तरे, ब्लँकेट वाटावीत, असे काहींनी सुचवले. भावना चांगलीच आहे. पण वाटलेली वस्तू वर्षभरात संपते आणि तोच माणूस पुन्हा त्याच रांगेत उभा राहतो.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. १९५१ मध्ये बाबा आमटे आणि साधनाताई वरोऱ्याजवळच्या खडकाळ, पडीक जमिनीवर राहायला गेले. सोबत ६ कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये. तेच आनंदवन. तेव्हा कुष्ठरुग्णाच्या नशिबी भीकच असे. बाबांनी आधी त्यांच्या जखमा बांधल्या, औषधे दिली. मग हाती कुदळ दिली. विहीर खणली, शेती उभी राहिली. सुरुवातीला त्यांची भाजी कोणी विकत घेईना. तरी काम थांबले नाही. पुढे १९६४ मध्ये आनंदवनात महाविद्यालय सुरू झाले. ज्या समाजाने त्यांना दूर लोटले, त्याच समाजाची मुले तिथे शिकू लागली. घेणारा देणारा झाला.

मित्रहो, आपल्या नाकाडोंगरी परिसरातला गरीब माणूस आळशी नाही. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला तो जीव मुठीत धरून पहाटे जंगलात जातो. कष्टाला तो कमी पडत नाही. कमी पडते ते कौशल्य, साधन आणि सुरुवातीचे भांडवल.

म्हणून माझी विनंती अशी. घरात आजारपण असेल, चूल पेटत नसेल, तिथे लगेच मदत करावी. उपाशी माणसाला स्वावलंबनाचा उपदेश करू नये. उरलेल्या निधीतून दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना आयटीआयची फी, शिलाई मशीन, वायरमन किंवा गवंडीकामाची अवजारे द्यावीत. काय हवे, ते आधी त्यांनाच विचारावे. आपल्यापैकी एकेकाने एकेका मुलाची जबाबदारी घ्यावी आणि वर्षभर चौकशी करत राहावे. पैसे देऊन मोकळे होऊ नये. मूल कमावते झाले की त्याने जमेल तेवढी रक्कम निधीत टाकावी. आपले उपकार फेडायला नव्हे, तर पुढच्या मुलासाठी.

पुढच्या मेळाव्यात देणगीदारांच्या यादीत अशा एका मुलाचे किंवा मुलीचे नाव आले, तरी आपला निधी सत्कारणी लागला असे मी मानेन.