धाकट्याला कोण सांभाळणार?

(पिपरी मेघे येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



बालमजुरी का, असे विचारले की आपण चटकन म्हणतो, गरिबी. मग त्याच घरातला मुलगा शाळेत जातो आणि बहीण घरी राहते, ते कसे? गरिबी तर दोघांना सारखीच आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला येतो. वेचाईची मजुरी किलोवर. कडेवर मूल घेऊन किलो भरत नाहीत. अंगणवाडीची शाळा तीन वर्षांपुढच्या मुलांची, तीही काही तासांची. म्हणून पाचवी-सहावीतली पोर 'वेचणीपुरती' घरी ठेवतात. पाणी, स्वयंपाक, धाकट्याचे सगळे तिच्याकडे. वेचणी संपेपर्यंत तिचा अभ्यास सुटलेला असतो, वर्गात परत बसायची लाज वाटते. पुढच्या हंगामात ती आईबरोबर शेतात. तिने वेचलेला कापूस आईच्याच गाठोड्यात मोजला जातो.

२०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वयाची एक कोटीहून जास्त मुले काम करणारी म्हणून नोंदली गेली. नुसती भावंडे सांभाळणारी ही पोर त्यांत नाही. घरकाम जनगणनेच्या लेखी कामच नव्हे! (आपले तरी कुठे धरतात म्हणा.)

कायद्यानेही घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. घरच्या धंद्याला सूट १९८६ च्या कायद्यातही होती. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर ठेवायला बंदी केली, पण धोक्याचा नसलेला कुटुंबाचा व्यवसाय शाळा सुटल्यावर आणि सुटीत चालेल म्हटले. कुटुंबात काका, मामा, आत्या, मावशी सगळे आले. शाळा सुटल्यावर किती तास, ते घरात शिरून कोण बघणार?

आजारपण, सावकार, दारूबंदीच्या जिल्ह्यातली नवऱ्याची दारू, ही कारणे आहेतच. पण कारण कोणतेही असो, पहिली घरी बसते ती थोरली मुलगी. आणि दोष आईला. धाकट्याला सांभाळायला तू का थांबत नाहीस, असे बापाला विचारलेले मी क्वचितच ऐकले आहे.

आपली मागणी साधी असावी: वेचणीच्या हंगामात, शेताच्या वेळेत चालणारे पाळणाघर. सकाळी अकराला उघडणारे नको. ग्रामसभेला जाताना आपापल्या वस्तीतल्या, दिवाळीनंतर शाळेत न गेलेल्या मुलींची यादी बरोबर घ्या. हजेरीपटावर नाव असले तरी ती घरीच असू शकते, म्हणून यादी घरोघर फिरूनच करा.