मेल्यावरही कामावर असलेल्या पेशी

(बीड येथे शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, संक्षेपाने)



टेबलावर हारतुरे नकोत म्हणालो आणि तीन वस्तू मागून घेतल्या : फुटलेलं कापसाचं बोंड, पिकलेलं सीताफळ आणि उसाचं कांडं. पेशी आणि पेशींच्या समूहांनी बनलेल्या ऊती समजायला एवढं सामान पुष्कळ झालं.

कापसाचा एक तंतू ओढा. हा अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी, सरकीच्या सालीवरची! फूल उमलतं त्या दिवशी कोवळ्या बीच्या वरच्या थरातली चारांतली एखादी पेशी बाहेर फुगते आणि पुढं तीनेक आठवडे लांबतच राहते. शेजारणी तिथंच साल होऊन थांबतात. केसाहून बारीक असलेली ही पेशी अडीच-तीन सेंटिमीटर गाठते. मग तिच्या भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर चढतात. नेमकं तेव्हा पावसानं ताण दिला, तर थर पातळ राहतात, तंतू कच्चा निघतो. बोंड फुटलं की पेशी वाळते, मरते, चपटी होऊन पिळली जाते. त्या पिळामुळंच तंतू एकमेकांना धरतात आणि सूत कातता येतं.

आता सीताफळ. बालाघाटच्या माळावरचं हे फळ; बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. गर मऊ, पण सालीजवळ जीभ नेली की रवाळ लागतं. साखरेचे कण नव्हेत ते. त्या दगडी पेशी. त्यांच्या भिंतीत लिग्निन साचत जातं, आतली जागा आक्रसते आणि पेशी मरते. उरते नुसती भिंत.

उसाच्या कापलेल्या तोंडावर ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे नळ्यांची एक जुडी. तिच्यातल्या जलवाहिन्या मेलेल्या, म्हणूनच आतून मोकळ्या. पाणी विनाअडथळा चढतं. शेजारच्या रसवाहिन्या जिवंत, त्या पानात तयार झालेली साखर खाली आणतात. ती साठते ठिपक्यांच्या मधल्या मूल ऊतीत. या ऊतीतल्या पेशीही जिवंत असतात, आणि खरी गोम इथंच आहे. ऊस तुटला तरी त्या लगेच मरत नाहीत. श्वास चालू असतो, साठलेली साखर मोडत जाते, कारखान्याचा उतारा घटतो. म्हणून गाळपाची घाई. दसरा झाला की आपल्या गावांतून ऊसतोडीला कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मध्यरात्री ट्रक फडात आला तरी त्यांना उठून मोळ्या भराव्या लागतात. उसाच्या पेशींची ती घाई शेवटी या दोघांच्या डोक्यावर येते.

१६६५ साली रॉबर्ट हूकनं सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा पातळ काप ठेवला. त्याला दिसले रिकामे कप्पे, मेलेल्या पेशींच्या भिंती. ‘सेल’ हे नाव त्या कप्प्यांना मिळालं. म्हणजे पेशीशी माणसाची पहिली भेट झाली ती तिच्या मागं उरलेल्या घराशी.

पेशी एकटी पाहिली, तर तिचं मरण हा शेवट वाटतो. ऊतीत पाहिली, तर कळतं की काहींचं खरं काम तिथूनच सुरू होतं. अंगातला सुती सदरा चाचपून पाहा. आणि व्याख्यान संपल्यावर सीताफळ वाटणार आहोत. दाताखाली कचकच आली तर शेतकऱ्याला दोष देऊ नका.