उन्हाळी लागली? अंगावर काढू नका



आपल्या जळगाव-धुळ्याकडे वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो. केळीच्या बागेत राबताना घाम भरपूर जातो, पोटात पाणी मात्र कमी पडते. मग लघवी थोडी, पिवळी आणि जळजळीची होते. आपण म्हणतो, उन्हाळी लागली. अशा घट्ट लघवीतच क्षार साचून मुतखडा बनतो. म्हणून लघवी फिकट राहील इतके पाणी प्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

आडोसा नाही म्हणून भगिनी पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात. त्यातून जंतूंचा त्रास होतो. शेतमालकांनी बांधावर आडोसा करून द्यावा.

खडा सरकला की कुशीतून जांघेत कळ उतरते. कळ थांबली म्हणजे खडा पडलाच, असे समजू नका. अडकलेला खडा मूत्रपिंड निकामी करू शकतो. पानफुटीच्या किंवा काढ्याच्या भरवशावर न राहता सोनोग्राफी करून खात्री करा.

लघवीत रक्त दिसले तर दुखत नसले तरी तपासून घ्या. वयस्कर पुरुषांनो, धार बारीक झाली, रात्री वारंवार उठावे लागते, तर लाजू नका. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असू शकते.

थंडी वाजून ताप आणि कुशीत कळ, किंवा लघवी पूर्ण तुंबली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

पिकाची पाण्याची पाळी आपण चुकवत नाही; स्वतःचीही चुकवू नका.